पडद्यावरचा ठिपका

आबा-ले, जुले.

परवा संध्याकाळी लेहच्या ऑफिसात बसून मी पडद्यावरचा ठिपका आपल्या गोठ्याकडे सरकताना बघत होते. ठिपका म्हणजे आम्ही गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला हिमबिबट्या. तो कुठे आहे हे कुठल्याच गावाला कळवायचं नाही, लोक मारतील त्याला. तुम्ही गावभर मिरवता त्या माझ्या नोकरीची ही पहिली अट. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

सकाळी तुमचाच फोन. अकरा शेळ्या गेल्या. मागून शेजारचे नोर्फेल-काका म्हणाले, "पोरीच्या लाडक्याचं पोट भरलं ना?"

तुम्ही त्यांच्यावर खेकसलात, "तिला माहीत असतं तर तिनं कळवलं नसतं का?"

आज ठिपका पुन्हा आपल्या डोंगरावर आलाय. तुमच्या चार शेळ्या उरल्यात. फोन शेजारीच आहे, आणि मी तुम्हाला न टाकायचं पत्र लिहितेय.

तुमची,
यांगदोल