कंपनीचा मुक्काम एडिसनला

डब्लिन, ओहायो

ती. मृणालिनीवन्सं यांना मीनाक्षीचा वाकून नमस्कार.

दत्तकृपेने इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? रोज शेक घेत जा (विकतचं मलम नको, तिळाचं तेल तेच काम करतं आणि पुरतंही जास्त).

पत्राचं कारण बाकं. निवृत्त झाल्यावर तुमच्या भावाने गॅरेजमध्ये लाकडी बाकं करायला घेतली. घरातलं नवं काहीही थोरल्यांच्या नावाने सुरू करायचं ही आपली रीत, म्हणून कंपनी तुमच्या नावाने आणि तुमच्या एडिसनच्याच पत्त्यावर काढली. तेव्हा आमची सावनी म्हणाली होती, "बाबा, धिस इज अ बॅड आयडिया." पण मुलीचं कोण ऐकतं?

मध्यंतरी आमच्या राज्य सरकारने बागांतल्या बाकांसाठी भाव मागवले. आमचा भाव मी काढला. स्क्रू घाऊक, लाकूड सेलमधलं, माझी मजुरी शून्य (ती नेहमीच असते). सगळ्यांत कमी आमचाच निघाला. मी दत्ताला पेढेसुद्धा बोलले. आणि काम गेलं आमच्याहून महाग असलेल्या माणसाला!

यांनी फोन लावला. पलीकडच्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, राज्यातल्या धंद्याला आम्ही थोडं झुकतं माप देतो, त्याचा भाव जरासा जास्त असला तरी चालतो. तुम्ही पडलात एडिसनचे, म्हणजे न्यू जर्सीचे. हे म्हणाले, "अहो मॅडम, बागेच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे!" तर म्हणाल्या, "सर, तुम्ही कुठे राहता ते नको, कंपनी कुठे राहते ते सांगा."

कंपनी तुमच्याकडे राहते, वन्सं. (जेवायला लागत नाही, एवढंच बरं.)

हे म्हणतात, हा अन्याय आहे. मला नाही तसं वाटत. मीसुद्धा चकली आपल्या मंडळातल्या नैनाकडूनच घेते, दुकानापेक्षा महाग पडली तरी. मी, हं! मग सरकारने बाकं तशी घेतली तर काय चुकलं?

पण यांनी हाय खाल्ली आहे. गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. करवतीवर धूळ बसली. दिवसभर सोफ्यावर बसून शेअर बाजार बघतात आणि अधूनमधून "घेऊ का?" असं विचारतात. वन्सं, लाकूड वाया गेलं तर निदान शेकोटीला होतं.

आपली,
मीनाक्षी

ता. क. वसंतात पुन्हा भाव मागवणार आहेत. सोबतच्या कागदावर सही केलीत की कंपनी इकडे येईल. परतीच्या पाकिटाला तिकीट लावलं आहे.

ता. क. २. सही आजच करावी. यांनी दुसराच उपाय काढलाय: कंपनी हलवण्यापेक्षा वन्संनाच कायमचं इकडे आणू. खालची खोली रंगवायला रंगही आणलाय. मला आनंदच आहे. पण कंपनी पाकिटातून येते, तेव्हा आधी तिला पाठवा.