शकुनची पाटी

अकोला, ३ जुलै

ती. दादास शकुनचा सा. न. वि. वि.

गळ्याच्या ऑपरेशनची जखम भरली, पण आवाज परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. फोनवर माझी नुसती फुसफुस ऐकू येते आणि मोबाईलवर टाईप करणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. दादा, माझा भाजीचा धंदा तोंडावर चालायचा. गिऱ्हाइकाला टोमणा मारायचा, हसवायचं, अर्ध्या किलोच्या जागी किलो घालायचा. आता हसले तरी आवाज निघत नाही. तुझा भाचा शुभम म्हणतो, आई, आता घरीच राय. मलाही वाटतं, मुकी बाई काय विकणार? तू मोबाईलवर पाठवलेल्या विनोदांनी तर रडूच आलं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शकुन

अमरावती, ९ जुलै

चि. शकुनस उत्तमदादाचे अ. उ. आ.

पत्र वाचून रागच आला. शाळेत गुरुजींनी तोंडावर बोट ठेवायला लावलं, तर तू त्या बोटामागून अख्खा वर्ग हसवलास. तेव्हा कुठे तोंडानं बोलली होतीस? लिहायची पाटी घे आणि सोमवारी जागेवर जाऊन बस. नाही बसलीस तर तुझी वहिनी येऊन बसवणार आहे, आणि तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

बसलीस की कळव. आशीर्वाद कायमचेच.
दादा

अकोला, १८ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

बसले! शुभमला हातानंच बाजूला सारलं. पण पाटी वाचायला कोणी थांबेना. शेजारचे कांदेवाले मोतीरामभाऊ आठवतात? चेहरा कायम मयतीला निघाल्यासारखा. तेच म्हणाले, तुमी लिहा, मी वाचतो. आणि भेंडीचा भाव असा वाचायचे, जसा कोर्टाचा निकाल.

काल एक रिटायर मास्तरीणबाई एकेक वांगं दाबून खाली ठेवत होत्या. मी फक्त मोतीरामभाऊंसाठी गमतीनं लिहिलं, की बाईनं नवरा बी असाच दाबून पाहिला होता काय? भाऊंनी चष्मा सावरला आणि भर बाजारात खणखणीत वाचलं. मी पाटी हिसकावली, पण उशीर झाला होता. बाईंनी हातातलं वांगं वर धरलं. मग म्हणाल्या, तवा दाबाले भेटला असता, तं घेतलाच नसता! सगळी ओळ हसत सुटली. मी पोट धरून वाकले, डोळ्यांतून पाणी. मोतीरामभाऊ घाबरून विचारू लागले, बाई, काहून रडून राहिल्या?

मी लिहिलं, हसून राहिली. त्यांनी तेही त्याच मयतीच्या आवाजात सगळ्या बाजाराला वाचून दाखवलं.

लोभ राहू दे, विनोद मात्र पाठवू नकोस.
तुझी शकुन