एकाच नावाचे दोन दगड परत नेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
सैनिक स्मृतिशिला कार्यालय, पूर्व विभाग.

अर्जदार : लोएटा स्टॅम्पर, मु. ब्रायर फोर्क, पूर्व केंटकी.

विषय : ओबेडाया स्टॅम्पर या नावाचे दोन दगड वाटेतून उचलून नेणेबाबत.
संदर्भ : आपले ६ मे रोजीचे स्मरणपत्र, तसेच त्याआधीची.

महोदय,

१. यादवी युद्धात लढलेल्या आमच्या पूर्वजाच्या कबरीवर नाव नाही, म्हणून दगड मिळावा असा अर्ज मी केला होता. वंशावळ शोधायचं मला कोणी शिकवलं नाही. कोर्टाच्या तळघरात जुन्या नोंदी चाळत बसून बसून जमलं. आपण अर्ज मंजूर केलात, आभारी आहे. मी एक दगड मागितला होता, आपण दोन पाठवलेत. यात आपली चूक नाही, हे प्रथमच नमूद करते.

२. चूक आमच्या घराण्याची. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. मूळ ओबेडाया आजोबांना मुलगे दोन, आणि दोघांनीही आपापल्या थोरल्याचं नाव ओबेडाया ठेवलं. माघार कोणीच घेतली नाही. त्यांतला एक ओबेडाया उत्तरेच्या फौजेत गेला, दुसरा दक्षिणेच्या. गणवेशावरून लोक त्यांना निळा ओबे आणि करडा ओबे म्हणत. दोघेही जिवंत परतले आणि पुढे डोंगरावरच्या आमच्या दफनभूमीत शेजारी-शेजारी पुरले गेले. डोक्याशी ओढ्यातला एकेक धोंडा, त्यावर अक्षर नाही. कोणता कोणाचा, ते आज कोणालाच ठाऊक नाही. मी निळ्याच्या वंशातली. आमचा भाऊबंद ड्यूई स्टॅम्पर करड्याच्या.

३. नियमाप्रमाणे उत्तरेच्या सैनिकाचा दगड वरून गोल, दक्षिणेच्याचा टोकदार. त्यामुळे अदलाबदल झाली तर ती रस्त्यावरूनही दिसेल. ड्यूईचं म्हणणं असं, "लोएटा, आमच्या म्हाताऱ्याच्या उशाला गोल दगड लावलास, तर तो उठून आधी त्यावर बसेल आणि मग बसल्या बसल्या तुला शिव्या घालेल." मी म्हटलं, "बसू दे की. पडून पडून त्याची पाठ धरली असेल." यातून निर्णय झाला नाही. आपल्या प्रमाणपत्रात मात्र "दगड योग्य सैनिकाच्याच कबरीवर बसवल्याची मी स्वतः खात्री केली आहे" असं वाक्य असून खोट्या सहीला दंड आहे. ती सही मला करता येत नाही. सही होईपर्यंत दगड सरकारी मालमत्ता असून जागचे हलवू नयेत, असंही आपण कळवलं आहे. ट्रकवाल्याने दगडांची दोन्ही लाकडी खोकी डोंगरावर जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच उतरवली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं. माणूस अंग चोरून जातो. गाडी जात नाही.

४. एरवी आम्ही चालवून घेतलं असतं. परंतु माझी आई व्हर्डी स्टॅम्पर हिला मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि डॉक्टरांनी तयारीत राहायला सांगितलं. आपल्या वाडवडलांच्या पायाशी पुरावं, अशी आईची इच्छा. म्हणजे आपला ओबे कोणता हे ठरायला हवं होतं, आणि वाटही मोकळी व्हायला हवी होती.

५. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे कबरी साफ करतो, फुलं ठेवतो आणि तिथेच जेवतो. निळ्याकडच्यांचं टेबल देवदाराखाली, करड्याकडच्यांचं कुंपणाजवळ. इकडची तळलेली कोंबडी की केक, काही तिकडे जात नाही. यंदा ड्यूईने आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं, दोन्ही धोंड्यांपुढे बसवलं आणि म्हणाला, "काकू, आता सांगूनच टाक. तुमचा कोणता?" आईची जीभ जड झाली होती. तिने त्या दोघांकडे पाहिलंही नाही. पलीकडे नदीच्या शिंपल्यांनी मढवलेली एक कबर आहे, तिच्याकडे बोट केलं. ती मलिंडाची. निळ्याची बायको, एवढंच मला माहीत होतं. मी फक्त सैनिक शोधत होते. आई थांबत थांबत बोलली, "निळा अंगावर झाड पडून मेला. मग हिने करड्याशी लग्न केलं. आम्ही पहिल्याच्या पोराकडून, ड्यूई, तुम्ही दुसऱ्याच्या. आई एकच. मला हिच्या पायाशी ठेवा."

ड्यूई टोपी हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी घरचाच केक सोडला?"

"खा आता," आई म्हणाली. "वाळतोय."

६. त्यानंतर मलिंडासाठी दगड मिळेल का, हे मी आपल्या कार्यालयात फोनवर विचारलं. आपल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने सांगितलं की, "बाई, त्या कोणत्याच फौजेत नव्हत्या." हे खरं आहे. दोन्ही फौजा तिच्याच घरी परत आल्या, हेही खरं. पण तसा रकाना आपल्या अर्जात नाही.

७. सबब विनंती की, वरील दोन्ही दगड आपण तातडीने परत न्यावेत. कोणता धोंडा कोणाचा, याबद्दल आता आमच्यात वाद राहिलेला नाही. उत्तरही सापडलेलं नाही. ड्यूईची हरकत नाही.

८. इथवरचा मजकूर सोमवारी लिहिला होता, टपालात टाकायचा राहिला. आई बुधवारी सकाळी गेली. शववाहिका खोक्यांपाशी येऊन थांबली. मग दोन्ही टेबलांकडच्या माणसांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि झुडपांतून नेली. ड्यूई पुढे होता. खोक्यांना कोपर लागलं तेव्हा तो म्हणाला, "सरका रे दोघं, काकूला जाऊ द्या." तेव्हा कोणी हसलं नाही, जेवताना हसले. सगळ्यांचे हात काट्यांनी ओरबाडले होते. माझेही, ते मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना कळलं. आईला मलिंडाच्या पायाशी ठेवलं. मला अजून काही वाटत नाही. वाटेल, असं सगळे सांगतात.

तरी कलम ७ मधील 'तातडीने' हा शब्द कृपया रद्द समजावा. त्या वाटेने वर न्यायचं असं आता आमच्याकडे कोणी नाही. दगड आपल्या सवडीने न्यावेत.

आपली,
लोएटा स्टॅम्पर

वरील मजकुरास संमती : ड्यूई स्टॅम्पर, भाऊ

दिनांक : १४ जून
सोबत : प्रमाणपत्रे दोन, सहीविना.