गजकर्ण कानाचा नसून डोक्याचा असल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षिका,
मुलींचे वसतिगृह व शाळा

विषय: बऱ्या झालेल्या मुलीस परीक्षेस बसू देणेबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयाची दोन पत्रे, जावक क्र. ११२ व १३०.

महोदया,

१) मी केशकर्तनाचा व्यवसाय करतो. माझी मुलगी आपल्या वसतिगृहात राहून सातवीत शिकते. तिच्या डोक्यात बटणाएवढे चट्टे पाहून आपल्या परिचारिकाबाईंनी गजकर्ण ओळखला व तिला घरी पाठवले. त्याबद्दल तक्रार नाही. त्याच संध्याकाळी मी तिचे केस मशीनने उतरवले. घाईने उतरवले, तिला न विचारता. ती माझी चूक.

२) नुसत्या मलमाने डोक्यातली बुरशी जात नाही, म्हणून त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पोटातून घ्यायच्या गोळ्या चार आठवडे दिल्या. गोळी गिळेपर्यंत तिची आई समोरून हलत नसे. एकही चुकली नाही. नंतर नमुना तपासला, बुरशी आढळली नाही.

३) तो अहवाल घेऊन आलो, तर आपल्या लिपिकांनी 'कर्ण' वाचून हा आजार कानाच्या रकान्यात नोंदवलेला. कानाच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणा म्हणाले. वाद नको म्हणून तेही आणले. त्यात 'दोन्ही कान उत्तम' असे आहे. त्यावर विचारणा झाली की, कान उत्तम आहेत तर मुलगी महिनाभर गैरहजर का? महोदया, मी वीस वर्षे लोकांच्या कानांभोवती वस्तरा फिरवतो आहे. कान कुठे संपतो आणि डोके कुठे सुरू होते, हे मला विचारले असते तरी चालले असते.

४) ती नोंद खोडल्यावर नियम क्र. ९ पुढे आला: गजकर्णास आठ आठवडे प्रवेशबंदी. डॉक्टर म्हणतात, हा नियम जुन्या गोळ्यांच्या काळातला; त्या आठ आठवडे घ्याव्या लागत. लिपिकांनी तोडगा सुचवला की, आणखी चार आठवड्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणून द्या. बऱ्या पोरीला औषध कसे चारू? गोळ्या मोरीत टाकून पाकिटे आणता आली असती, आणि खरे सांगतो, मी तयारही झालो होतो. मुलगीच म्हणाली, मी बरी आहे, मग खोटी आजारी कशाला होऊ? म्हणून पाकिटांऐवजी हा अर्ज.

५) परीक्षा सोमवारी आहे आणि यादी उद्या बंद होते. तिचे वर्ष वाया जाईल या विचाराने माझा जीव टांगणीला लागला आहे. त्यात केस उतरवल्यापासून ती डोक्याचा रुमाल कोणासमोर सोडत नाही. डॉक्टरांनी तपासले तेव्हाही तिने मला बाहेर बसवले. दिवसभर माझ्या हाताखालून परक्यांची डोकी जातात, आणि स्वतःच्या मुलीचे डोके मी महिनाभर पाहिलेले नाही. केस परत आल्याचे मला कागदावरूनच कळले.

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघे आपल्या दाराशी हजर राहू. आपण स्वतः पाहणार असाल तर रुमाल सोडीन, असे ती म्हणाली आहे. कृपया या अर्जाकडे कानाडोळा न करता तिचे डोके पाहावे व तिचे नाव यादीत घ्यावे.

आणि त्या वेळी मलाही आत उभे राहू द्यावे.

आपला नम्र,
(सही)
मुलीचा बाप
दि. १४, गुरुवार

सोबत:
१. तपासणी अहवाल
२. दोन्ही कानांचे प्रमाणपत्र
३. गोळ्यांची रिकामी पाकिटे, चार आठवड्यांचीच