डिलक्स म्हणजे साधी

१५ जानेवारी २००५

चार गाड्या, आणि चारही एकच! पाकीट फोडल्यावर आधी हेच कळेना. पोरीने, आचलने, अमेरिकेहून मस्टँग गाडीचं पुस्तक पाठवलं आहे. गुळगुळीत कागद, लाल गाडी, पुढच्या जाळीवर धावता घोडा. आत चिठ्ठी — 'पप्पा, घ्यायचं मनात आहे. कोणती घेऊ ते पाहून सांगजा.'

दुकान बंद करून घरी आलो आणि चष्मा लावून बसलो. व्ही-सिक्स डिलक्स, व्ही-सिक्स प्रीमियम, जीटी डिलक्स, जीटी प्रीमियम. पत्रा तोच, दारं तीच. सिक्स म्हणजे सहा सिलिंडर, जीटी म्हणजे आठ. प्रीमियम म्हणजे आत थाट जास्त.

आणि सगळ्यात खालच्या गाडीचं नाव काय, तर डिलक्स. मी एकटाच हसत बसलो. आपल्याकडे मारुतीत डिलक्स म्हणजे वरची. तिकडे खालचीच डिलक्स! ज्याने नाव ठेवलं तो पक्का कापडवाला असला पाहिजे. मी तरी हलक्या साडीला हलकी कुठे म्हणतो? 'रोजच्या वापराची' म्हणतो.

बायकोने, रीताने, फोटो पाहिला. "दोनच दारं? अन् मागं माणूस शिरन कसा?"

१६ जानेवारी, रविवार

सकाळी आचलचा फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ. अर्धा तास नुसती गाडी. जीटीच्या जाळीत दोन जास्तीचे दिवे असतात, मागे धुराच्या नळ्या दोन. प्रीमियममध्ये एकदम सहा सीडी घालता येतात.

"पप्पा, दिव्यामुळं तोंडच बदलते गाडीचं."

मी म्हटलं, दिवे ठीक आहेत, पण डिलक्स वाईट नाही. इंजिन तेही दमदारच आहे.

"हो, पण जीटी..." म्हणाली, आणि पुन्हा जीटीवर गेली.

३० जानेवारी

इथे खरं लिहायला काय हरकत आहे. मला गाडीचं काही पडलेलं नाही. पोरगी परत येणार की नाही, एवढंच मला पाहिजे आहे.

२००२ मध्ये जाताना म्हणाली होती, "दोन वर्षं शिकतो, दोन वर्षं नोकरी करतो, मंग येऊन दुकानावर बसतो." सगळे हसले होते. मी हसलो नव्हतो. दुकान माझ्या वडिलांनी, हिरालालजींनी, कारंज्यात हायवेला लागून टाकलं. आता माझे गुडघे चढ-उतार करू देत नाहीत. वरच्या फळीवरचा माल मी गिऱ्हाईकाला दाखवतच नाही हल्ली. आचल आली तर दुकान तिचं. नाही तर शेजारचा बंडूजी बियाण्याचं दुकान वाढवायला टपलाच आहे. दर आठवड्याला पान खाऊन येतो. "गजेंद्रभाऊ, ठरलं का काही?"

रीता म्हणते, पोरीला सरळ विचारा. मी विचारत नाही. गिऱ्हाईकाला 'घेता का' असं विचारायचं नसतं. विचारलं की ते उठून जातं. त्याच्या हाताकडे पाहायचं. हात कुठल्या कापडावर परत परत जातो ते पाहिलं की सगळं कळतं. चाळीस वर्षं मी असाच धंदा केला आणि फसलो नाही.

ज्याला परत यायचं आहे तो साधी गाडी घेईल. ज्याला तिथेच राहायचं आहे त्याला चामड्याच्या सीटा पाहिजेत. माझा हिशोब असा सरळ आहे.

म्हणून मी डिलक्स खपवून राहिलो आहे.

१३ फेब्रुवारी

आज फोनवर डिलक्सची इतकी तारीफ केली की आचल म्हणाली, "पप्पा, तुमाले कमिशन भेटते का?"

फोन ठेवला आणि आपली मारुती आठवली. १९९१. तेव्हा कसली निवड आली! नंबर लावा आणि वाट पाहा. गाडी आली त्या दिवशी रीताने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आचल आधीच आत जाऊन बसलेली. अकरा वर्षांची होती. उतरायलाच तयार नव्हती. जेवणही तिने गाडीतच केलं.

लग्नसराईच्या आधी मी अमरावतीला माल आणायला जायचो. आचल सोबत. येताना मागची सीट कापडाच्या ठाणांनी गच्च भरायची आणि ही त्या ठाणांवर आडवी, पाय खिडकीत. तळेगावच्या पुढे ढाब्यावर थांबायचो. ती दालफ्रायमध्ये पापड चुरून खायची. घरी रीताला कधी सांगायची नाही, नाही तर भूक काऊन नाही म्हणून बोलणी बसायची.

एकदा दुकानात गादीवर माझ्या जागी बसली आणि देवकाबाईला म्हणाली, "मावशी, हा रंग तुमाले उठून दिसते." देवकाबाईने घेतली साडी! मी तीन वेळा उलगडून दाखवली तरी घेतली नव्हती. त्या दिवशी मी रस्त्याने ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

किती चांगले दिवस होते. गाडीला एसी नव्हता, काच हाताने फिरवावी लागायची, आणि कधी काही कमी आहे असं वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी

आज फोन नाही. दिवसभर कोणावर ना कोणावर चिडत होतो.

६ मार्च

शोरूममध्ये जाऊन जीटी चालवून आली. आतूनच मोबाइल लावला. "पप्पा, ऐका." आणि इंजिनाला रेस दिली. आवाज असा आला की मी फोन कानापासून लांब धरला. रीता स्वयंपाकघरातून धावत आली.

"आयकला का?" हसून राहिली होती. असं हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

पुन्हा दिवे, पुन्हा नळ्या, चामड्याचा वास. गिऱ्हाईक एकच ठाण तिसऱ्यांदा उलगडायला लावतं तेव्हा अजून काय कळायचं राहतं?

रीताला म्हटलं, नाही येत ती.

रीता भडकली. "पोरीले गिऱ्हाईक काऊन करून ठेवलं तुम्ही? तोंड हाय ना? विचारा!"

विचारणार नाही. तिला 'नाही' म्हणायला लावायचं, आणि ते मी ऐकायचं. मला जमणार नाही.

२० मार्च, रविवार

आज मी माझा माल बदलला. म्हटलं, "आचल, जीटी प्रीमियम घे. लाल. दिव्यांची, चामड्याच्या सीटांची. साधीचा नाद सोड."

ती म्हणाली, "खरंच म्हणता, पप्पा?"

"खरंच. मनात आहे तेच घे."

"बरं," म्हणाली. लवकर फोन ठेवला. मला वाटलं होतं उड्या मारेल. आनंदात कोणाला तरी सांगायला पळाली असेल.

आपलं लेकरू आहे. लाल गाडीत बसू दे मजेत. मला वाईट वाटतं आहे, पण मी बरोबर केलं.

२७ मार्च

फोन नाही. होळीच्या पुरणपोळ्या उरल्या, त्या रीताने बंडूजीकडे पाठवल्या.

३ एप्रिल

फोन नाही. गाडीच्या गडबडीत असेल.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली आणि बंडूजीला बोलावलं. दुकानाच्या सौद्याचा इसार घेतला. सव्वा रुपया, नारळ, वर पेढा. आमच्याकडे नारळ हातात घेतला की शब्द फिरत नाही. कागद नंतर होतात, शब्द आधी. हिरालालजींनी तर असा शब्द दिल्यावर दुप्पट भाव आला तरी फिरवला नव्हता, आणि ते मी कारंजाभर अभिमानाने सांगत आलो.

बंडूजीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगला माणूस आहे. "भाऊ, दिवाळीपर्यंत बसा तुमी गादीवर, मले घाई नाई."

रीता बाहेर आलीच नाही. चहा शेजारच्या पोरीच्या हातून पाठवला.

१० एप्रिल, रविवार

आचलचा फोन. डिलक्स घेतली. सगळ्यात साधी.

"जीटीची हौस होती, पप्पा. चालवून पाह्यली, भागली. साधीले गिऱ्हाईक लवकर भेटते. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आत विकतो अन् येतो. दिवाळीच्या सीझनले मी गादीवर." मग म्हणाली, "तुमी जीटी घे म्हणाले ना, तवा वाटलं, इकडंच राह्य म्हणून राह्यले, मी दुकानात नकोच हाय तुमाले. मंग फोनच करावा वाटला नाई. आज म्हटलं, इचारूनच टाकतो. येऊ ना मी, पप्पा?"

मी म्हटलं, ये. फोन ठेवून देवापुढचा बंडूजीचा नारळ पाहत बसलो.