अर्धाच घरी आलेला सीडी प्लेअर

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी सगळ्यांसमोर म्हणाले, बाबांनी सीडीचं यंत्रसुद्धा घरात विचारून घेतलं. ते चूक होतं. माझं ऐकलं नाही, तर निदान आईला विचारलं असेल, असं मी धरून चालले. काल ती म्हणाली, "मला कुठं इचारलं? डबा आणला न् मंग सांगितलं, झालं." म्हणून हे पत्र. तुमची खोटी स्तुती माझ्या नावावर नको.

मी शाळेत जायच्याही आधी तुम्हीच शिकवलंत ना, की काही ठरवताना धाकट्यानं पहिलं बोलायचं, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तो नुसती मान हलवणार नाही? मी बोलले. सगळं एकाच डब्यात असलेला प्लेअर घेऊ, म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि ट्रान्सपोर्ट घेऊन आलात! नुसती तबकडी फिरवून वाचणारा डबा. तिचा आवाज करणारा दुसरा डबा, कन्व्हर्टर, "नंतर आणू." काका हसले, "ट्रान्सपोर्ट? दापोड्याच्या गोदामांना ट्रक लावतोस काय?" तुम्हीही हसलात. आणि दुसरा डबा यायच्या आधीच गेलात.

मग तुमच्या गायन पार्टीची सीडी आली. कोरसमध्ये तुम्ही आहात. आई ती डब्यात घालते, आकडे पळतात, आणि घर गप्प. बघवत नाही बाबा!

निजामपुऱ्यातल्या दुकानदार चाचांना विचारलं, दोन डबे कशाला? "बेटी, पापा बोलते थे, घर के नीचे लूम चलते हैं. दिनभर थरथराहट, ऊपर से रुई. घूमनेवाली मशीन पहले जाएगी. अलग रही तो वही बदलेंगे."

बरोबर होतं की! मग हे मला का नाही सांगितलंत? पटलं असतं मला. दुकानात सांगितलेलं कारण घरात सांगता येत नव्हतं? की माझं मत विचारायचं ते नुसतं मन राखायला?

कन्व्हर्टर मुंबईहून मागवायचा; कधी येईल ते चाचांनाही ठाऊक नाही. एकाच डब्याचा प्लेअर दुकानात आहे, ते बदलून देतात. काका म्हणाले, "भावाची शेवटची वस्तू परत करशील?" मी आईला विचारलं. "डबं एक का दोन, मला काय? मला त्यांचा आवाज पायजे."

एका डब्याचा प्लेअर लवकर बिघडेल, हे मी तिला आधीच सांगितलंय. कारण लपवलेलं नाही. बिघडला की दुरुस्त करून आणीन, हा माझा शब्द.

तुमचा डबा मी परत करतेय. येत्या शुक्रवारी, नमाजाला दुकान बंद व्हायच्या आत. त्या दिवशी खालचे यंत्रमाग बंद असतात; कोरसमधला तुमचा आवाज आईला नीट ऐकू येईल.

तुमची,
करुणा