चौसष्ट नंबरच्या गाडीचं इंजिन

प्रिय रोबी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधी आभार मानते. नाताळची कार्डं सोडली तर मी तुला काही लिहिल्याला इतकी वर्षं झाली की सुरुवात कुठून करावी तेच कळेना. शेगडीवर बीन्स शिजत ठेवलेत आणि ते होईपर्यंत इथे टेबलाशी बसून जमेल तेवढं लिहायचं ठरवलंय. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत आहे. मोज्यांची गिरणी पाडली, तिथे आता नुसतं गवत वाढलंय. आणि हॅलर्स फोर्कचा ट्रॅकही विकला गेला. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शेवटची शर्यत आहे. तिच्या आधी जुन्या गाड्यांनी एकेक फेरी मारायची असं ठरलंय, आणि व्हर्लिनलाही बोलावणं आलंय.

माझी नात टेसा परवा भिंतीवरचा तो फोटो निरखत होती. आपल्या पहिल्या जिंकलेल्या शर्यतीचा. व्हर्लिन कप घेऊन हसतोय, बाबांची टोपी वाकडी झालीय, मी रेडिओ गळ्यात अडकवून उभी आहे, आणि गाडीखालून दोन बूट बाहेर आलेत. "हे बूट कुणाचे?" तिनं विचारलं. म्हटलं, माझ्या आणि व्हर्लिनच्या धाकट्या भावाचे. "मग त्याचा चेहरा कुठाय?" "गाडीखाली. जिंकल्यावर सगळे फोटोला धावले, तो तेलाची गळती बघायला." ती म्हणाली, "त्याला कुणी हाक नाही मारली?"  मग मी तिला मक्याची पोळी खायला दिली.

तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाही बरंच आठवलं. व्हर्लिननं भंगारातून ती शेवरोले ओढून आणली तेव्हा आई म्हणाली होती, "यात आता कोंबड्यांना अंडी घालायला बसव." पहिल्या हंगामात आपण दर शनिवारी शेवटून पहिले. मग तू कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये इंजिन काढून त्याचा तुकडा न तुकडा गोणपाटावर मांडलास. व्हर्लिन दारात उभा राहून म्हणाला, "रोब्या, हे परत जोडता येणार आहे, की आता पायी शर्यतीत उतरू?" तू मान वरही केली नाहीस. वसंत ऋतूत ते सुरू झालं तेव्हा शेजारचा डिक्सन कुंपणावर येऊन नुसता ऐकत उभा राहिला. ट्रॅकवरही तसंच झालं. गाडीवरचा चौसष्ट नंबर दिसायच्या आधी लोक आवाजावरून आपलं आडनाव घेऊन म्हणायचे, लॅकी आले.

तो उन्हाळा आणि पुढचे दोन, आपण जिंकायचो याची लोकांना सवय होऊन गेली होती. मी स्टँडच्या छपरावर उभी राहून रेडिओवर व्हर्लिनला त्याच्या आजूबाजूच्या गाड्यांचं सांगायची: बाहेर आहे, अजून बाहेर आहे, मोकळं, ये. मोकळं म्हटलं की तो डोळे झाकून आत घुसायचा. टिली फर्निचरवाल्यानं गाडीच्या दारावर स्वतःचं नाव लावायला पैसे दिले. पाद्री आशीर्वाद द्यायला येऊ लागले, आणि एकदा खिशातून भाजलेल्या शेंगा काढून सोलायला लागले तेव्हा व्हर्लिननं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. "फादरबिदर नंतर, आधी ती टरफलं उचला! माझ्या गाडीपाशी शेंगा? अपशकुन करून मारायचंय का मला?" पाद्री बिचारे गुडघ्यावर बसून टरफलं वेचत होते आणि तू रॅकला टेकून इतका हसलास की ठसका लागला. तुम्हा दोघांना एकत्र हसताना मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

तुझ्या नावाचा विषय मी टाळू शकत नाही. इंजिन बांधणाऱ्याचं नाव पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, फेंडरवर लिहितात, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तू कधी काही मागितलं नव्हतंस, तेवढंच मागितलंस. व्हर्लिन म्हणाला, "गाडीच्या छपरावर एवढं मोठं लॅकी लिहिलंय की. तू काय लॅकी नाहीस?" तू म्हणालास, "ते तुझं नाव आहे. सगळ्यांना माहितीय ते कुणाचं आहे." तो म्हणाला, "मग तूच चालव ना गाडी." बाबा मध्ये पडले असते तर मिटलं असतं, पण त्या वर्षी बाबा मध्ये पडण्याच्या पलीकडे गेले होते. पुढच्याच सोमवारी तू आपल्याविरुद्ध शर्यतीत उतरणाऱ्या ग्रेडी प्रुइटच्या गॅरेजात कामाला लागलास. माझं मत विचारशील तर व्हर्लिनला तुझा हेवा वाटत होता. लोक आवाज ऐकून टाळ्या वाजवायचे, आणि आवाज तुझा होता.

टेसाला तो नियम समजावताना मात्र माझी दमछाक झाली. श्रीमंतांनी महागडी इंजिनं आणून गरिबांना चिरडू नये म्हणून आपल्या गाड्यांच्या वर्गात असं होतं की पहिल्या पाचात आलेला कुणीही शर्यतीनंतर जिंकणाऱ्याच्या बॉनेटवर ठरलेली रक्कम ठेवून त्याचं इंजिन मागू शकतो. नाही म्हणायचं असेल तर ती शर्यत गेली आणि हंगामाचे सगळे गुणही गेले. ती म्हणाली, "मग रोज कुणीतरी मागत असेल!" म्हटलं, कुणीच मागायचं नाही. दुसऱ्याचं इंजिन मागणाऱ्याशी चर्चच्या अंगणातही कुणी बोलत नसे. नियम कागदावर होता आणि कागदावरच राहील असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी व्हर्लिन जिंकला, नुसती शर्यत पुरी केली असती तरी अजिंक्यपद आपलं होतं. प्रुइट दुसरा आला. तो बॉनेटवर पाकीट ठेवून म्हणाला, "मला हे इंजिन हवंय, व्हर्लिन." त्याच्या मागे तू उभा होतास, टोपी डोळ्यांवर ओढून.  व्हर्लिन प्रुइटकडे न बघता तुझ्याकडे बघत राहिला, मग पाकीट उचलून प्रुइटच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाला, "नाही." भोंग्यावरून प्रुइट अजिंक्य झाल्याचं सांगितलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. तुला तू बांधलेलं इंजिन मिळू नये म्हणून व्हर्लिननं अख्खा हंगाम मातीत घातला, असंच तू धरून चाललास. खरं सांगायचं तर मीही तेच धरलं. तूही प्रुइटकडे हिवाळ्यापलीकडे टिकला नाहीस. इंडियानाला ट्रकच्या कामावर निघून गेलास आणि मागे वळून पाहिलं नाहीस.

पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. शर्यतीचं इंजिन वेळच्या वेळी उघडावं लागतं, त्यातले झिजलेले भाग बदलावे लागतात. व्हर्लिननं कुणालाही ते उघडू दिलं नाही. टिलीनं आपल्या पैशानं चांगला मेकॅनिक पाठवला, त्याला यानं शेडच्या दारातून परत धाडलं. डिक्सन म्हणाला, "अरे, निदान झाकण तरी काढून बघू दे." "हात लावलास तर याद राख." पहिले होते ते पाचवे आले, पाचवे होते ते दहावे. आवाज खरखरायला लागला. लोक शेवटी शेवटी हसायचे, आणि मी छपरावरून मोकळं म्हणायची तेव्हा खरोखरच सगळं मोकळं असायचं, कारण बाकीचे पुढे निघून गेलेले असायचे. टिलीनं दारावरचं नाव काढून घेतलं. एका शनिवारी व्हर्लिन मध्येच गाडी बाजूला घेऊन थांबला, ती शेडमध्ये नेली आणि आईची जुनी गोधडी तिच्यावर घातली. आपला संघ तिथे संपला. मी त्याला हट्टी, मूर्ख आणि आणखी बरंच काही म्हटलं. 

आता तो जवळजवळ ठार बहिरा झालाय. इतकी वर्षं त्या आवाजात बसल्यावर दुसरं काय होणार? बोलावणं आल्यावर त्यानं गोधडी काढली, नवी बॅटरी बसवली आणि इंजिन फिरवलं. मग तू करायचास तसा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि त्याची मूठ कानाशी धरली. बराच वेळ तसाच वाकून होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "नदीन, तू ऐक. कसं वाजतंय?" मी ऐकलं. आत कुठेतरी ठक ठक होत होतं. मी नकारार्थी मान हलवली. तो डबा पालथा घालून त्यावर बसला. मला राहवलं नाही, मी त्याच्या कानाशी ओरडले, "तेव्हाच कुणाला उघडू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "रोबीचं होतं ते. त्यानं मागितलं असतं तर ट्रकमध्ये घालून त्याच्या दारात नेऊन ठेवलं असतं. पण प्रुइटनं विकत न्यायचं आणि त्याच्या माणसांनी त्यात हात घालायचे?" मी विचारलं, "आणि नंतर?" तर म्हणतो, "वाटलं, रोबी आठवड्याभरात येईल. मग वाटलं, हंगाम संपेपर्यंत येईल." एवढं बोलून नाक पुसलं आणि बॅटरीची वायर काढायला लागला. रोबी, मी शेडच्या मागे जाऊन रडले. तुम्हा दोघांचाही मला इतका राग आला होता की कोणासाठी रडतेय तेही समजेना.

मी हे पत्र लिहितेय ते काल सकाळी शेडमध्ये जे पाहिलं त्यामुळे. व्हर्लिननं पांढऱ्या रंगाचा डबा आणून गाडीच्या पुढच्या फेंडरवर तुझं नाव लिहिलंय. स्वतःच्या हातानं. रेघा वाकड्या आल्यात, आणि अक्षरं मोठी घेतल्यानं शेवटचं चाकाच्या वळणावर घसरलंय. तो तुला बोलावणार नाही, आणि फोन केलास तर त्याला ऐकू येणार नाही. इंजिन चाललं नाही तर गाडी ट्रकला बांधून ट्रॅकभर ओढत नेईन, पण झाकण उघडणार नाही, असं त्यानं मला बजावलंय. तुझे पाने शेडच्या भिंतीवर खिळ्याला होते तिथेच आहेत. गंज लागू नये म्हणून दर हिवाळ्यात त्यांना तेल कोण लावत होतं ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं. गुरुवारपर्यंत पोचलास तर इंजिन उघडायला तुला दोन दिवस मिळतील. या वेळी फोटोला मी स्वतः हाक मारीन. तोवर मी पुन्हा छपरावर आहे असं समज. मोकळं आहे, रोबी. ये.

तुझीच,
नदीन